प्रा नदीचें सोनें आणि प्रा नदीचे मासे

१. सुवर्णाचा इतिहास लिहिणारास साधनांची वाण पडत नाहीं. ज्या ज्या देशांत सोनें निघालें त्या त्या देशांत तें तोलणारा, विकत घेणारा, त्यावर कर बसविणारा व जहाजांत भरून नेणारा असे चार हात त्यास लागले. आणि या चारही हातांनीं आपापल्या परी लेखन करून ठेविलें. माशांची गोष्ट निराळी. पहांटे धरलेला मासा दोन प्रहरीं विकला जातो, रात्रीं शिजतो, आणि दुसरे दिवशीं त्याची खूणही उरत नाहीं. यामुळें एकाच नदीवर पोट भरणाऱ्या दोन धंद्यांपैकीं एकाचें दप्तर भरलेलें व दुसऱ्याचें जवळ जवळ कोरें, अशी स्थिति होते. पहिल्या धंद्यानें दुसऱ्याची हानि केली तर ती कोणत्या पुराव्यानें सिद्ध करावयाची, हा प्रश्न न्यायसभेइतकाच इतिहाससंशोधकाचाही आहे.

प्रस्तुत लेखांत हा प्रश्न पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशाच्या प्रा नदीसंबंधीं मांडिला आहे. हा देश इ. स. १९५७ मध्यें स्वतंत्र झाला. तत्पूर्वीं इंग्रजी अमलांत त्याचें नांवच ‘गोल्ड कोस्ट’ म्हणजे सुवर्णतट असें होतें. या नदीच्या खोऱ्यांत लहान प्रमाणावर सोनें धुण्याचा धंदा शतकानुशतकें चालत आला. गेल्या कांहीं दशकांत त्याचें रूप पालटलें, आणि नदींतील मासेमारी व कांठच्या मत्स्यतळ्यांचा धंदा यांवर संकट ओढवलें. दोन्ही पक्षांचे कागद शेजारी ठेवून पाहतां असें दिसतें कीं, सोन्याविषयीं जे मुख्य कायदे झाले त्यांचा रोख सोनें कोणीं काढावें व कोणास विकावें यावर राहिला. नदीवर जगणाऱ्या मासेमाराचें काय गेलें याची नोंद ठेवण्याचें काम त्यांनीं कोणावर सोंपविलें नाहीं. हें विधान पुढें क्रमानें स्पष्ट करूं.

२. प्रथम नदीचा भूगोल पाहिला पाहिजे. प्रा ही क्वाहूच्या पठारावर उगम पावून दक्षिणेस वाहत जाते व शमा या गांवापाशीं गिनीच्या आखातास मिळते. ऑफिन, अनुम व बिरिम या तिच्या मुख्य उपनद्या होत. तिच्या पश्चिमेस आंकोब्रा व तानो या आणखी दोन नद्या समुद्रास जातात. डोंगरांतील सुवर्णयुक्त गारगोटी झिजून सोन्याचे कण ओढ्यांच्या वाळूंत व कांठच्या मळईच्या थरांत येऊन बसतात. तात्पर्य, सोन्याचें स्थान व माशांचें स्थान येथें एकच आहे. सखल पाणथळ जमीन, बारमाही ओढा व चिकण मातीचा थर यांची मत्स्यतळें खणणारास जशी गरज, तशीच जमीन धुवट सोनें शोधणाराच्याही नजरेंत भरते. पुढील सर्व कलहाचें मूळ या भूगोलांत आहे.

३. इ. स. १४७१ च्या जानेवारींत पोर्तुगीज खलाशी शमाच्या किनाऱ्यास लागले व तेथें सोन्याचा व्यापार चालू असलेला त्यांस आढळला. म्हणजे युरोपास या सोन्याची पहिली प्रत्यक्ष ओळख प्रा नदीच्या मुखाशींच झाली. अकरा वर्षांनीं, इ. स. १४८२ मध्यें, दियोगु द आझांबुज यानें शमाच्या पूर्वेस साव जॉर्ज द मिना हा किल्ला बांधिला. ‘मिना’ म्हणजे खाण. त्यावरूनच एल्मिना हें आजचें नांव आलें. हा किल्ला इ. स. १६३७ मध्यें डचांनीं जिंकिला व इ. स. १८७२ मध्यें त्यांनीं तो इंग्रजांच्या स्वाधीन केला. पुढें जे किल्ले झाले त्यांत नद्यांचीं मुखें धरण्याचा बेत स्पष्ट दिसतो: शमाचा किल्ला प्रा नदीच्या मुखाशीं, अक्सिमचा आंकोब्रेच्या मुखाजवळ. सतराव्या शतकाच्या मध्यास डचांनीं आंकोब्रा नदींत आंत शिरून एक गढीही बांधिली होती. ती थोडींच वर्षें टिकली.

या काळांतील दोन डच ग्रंथ आपल्या विषयास विशेष उपयोगी आहेत. पीटर द मारेस याचें गिनीवर्णन इ. स. १६०२ मध्यें छापलें गेलें. विलेम बॉस्मन याचीं पत्रें इ. स. १७०४ मध्यें डच भाषेंत व पुढील सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झालीं. द मारेस यानें किनाऱ्यावरील मासेमार, त्यांच्या होड्या व बाजार यांचें वर्णन केलें असून, मंगळवारीं हे लोक समुद्रांत जात नाहींत ही चालही टिपून ठेविली आहे. मंगळवारची ही सुटी घानाच्या किनाऱ्यावर आजही पुष्कळ ठिकाणीं पाळली जाते. चारशें वर्षें टिकलेला हा मासेमारांचा एक अलिखित कायदाच म्हणावयाचा. बॉस्मन याचें लक्ष मुख्यतः सोन्याकडे. सोनें डोंगरांत मिळतें, नद्यांत व धबधब्यांच्या आसपास मिळतें, आणि समुद्राकांठच्या ओहोळांतही मिळतें, असे तीन प्रकार तो सांगतो. पाऊस पडून गेल्यावर स्त्रिया लहानमोठीं पात्रें घेऊन वाळू धुण्यास जमत, हें त्याचें वर्णन आपल्याकडील चांदा व बालाघाट या जिल्ह्यांतील सोनझऱ्यांच्या कामाशीं पुष्कळ जुळतें.

बॉस्मनच्या लिखाणांतील आणखी एक गोष्ट नाणीं व वजनें यांच्या संग्राहकांस रुचेल. सोनें तोलतांना अगदीं बारीक वजनासाठीं तेथील लोक काळ्या ठिपक्याचें तांबडें बीं वापरीत व त्यास ‘दंबा’ म्हणत, असें तो लिहितो. तीच आपली गुंज होय. सह्याद्रीच्या पायथ्याचा सोनार व प्रा नदीकांठचा व्यापारी एकाच वेलीच्या बियांनीं सोनें तोलीत होते.

४. बियांहून मोठ्या वजनांसाठीं अकान लोकांनीं पितळेचीं वजनें ओतविलीं. साधारणतः इ. स. १४०० ते १९०० या पांच शतकांत तीं प्रचारांत होतीं. ओतण्याची पद्धति मेणाच्या साच्याची. चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत मूर्ति ओतण्याची मधूच्छिष्टविधान म्हणून जी रीति सांगितली आहे तीच. टिमथी गॅरर्ड यानें इ. स. १९८० मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत शेंकडों वजनें प्रत्यक्ष तोलून त्यांचें कोष्टक बसविलें. उत्तरेच्या वाळवंटी व्यापारांतून आलेलीं इस्लामी मानें व समुद्रमार्गें आलेलीं युरोपीय मानें हीं दोन्ही या वजनांत एकत्र नांदत होतीं, असें त्यानें दाखविलें.

या वजनांत भूमितीच्या आकृति आहेत, तशींच माणसें, पक्षी, हत्यारें व जलचरही आहेत. मागूर जातीचा चिखलांत राहणारा मासा वारंवार भेटतो. आणि ज्याच्या जबड्यांत असा मासा धरलेला आहे अशी मगर हें तर प्रसिद्धच वजन आहे. त्याशीं जोडलेल्या अकान म्हणीचा आशय असा कीं, चिखलमाशास जें कांहीं लाभतें तें शेवटीं मगरीकडे जातें. धन्याचा व चाकराचा संबंध सांगण्यासाठीं ही म्हण योजीत. आपल्या विषयाच्या दृष्टीनें यांतून एवढेंच घ्यावयाचें कीं, मासा हा या लोकांच्या नित्य परिचयाचा होता. मात्र सोन्याच्या तराजूंत तो बसला तो वजन म्हणून. त्याचें स्वतःचें वजन कोणीं लिहून ठेविलें नाहीं.

५. जुन्या रीतीनें सोनें धुतल्यानें नदीस कितपत उपद्रव होत असे? लाकडी परात, भोपळ्याचें पात्र, फावडें व हाताचें बळ एवढीं साधनें. उथळ खड्डे व क्वचित् खोल विहिरीसारखे खड्डे खणीत. काम ऋतुमानानें चाले, शेतीच्या हंगामांत थांबे. जुन्या वर्णनांत वाळूंतून सोनें निराळें होतें तें धुण्यानें व पाखडण्यानें; पाऱ्याचें काम त्यांत नाहीं. ओढा कांहीं काळ गढूळ होई व पुढच्या पावसांत निवळे.

शिवाय पाण्यास देवत्व होतें. तानो ही अकान लोकांची मोठी देवता, आणि तिच्या नांवाच्या नदीवर कांहीं ठिकाणीं मासे पवित्र मानून त्यांस कोणी धरीत नाहींत. अशांती प्रांतांतील बोसुमत्वे सरोवराविषयीं आर्. एस्. रॅट्रे यानें इ. स. १९२३ च्या आपल्या ग्रंथांत माहिती दिली आहे. सरोवराच्या पाण्यास लोखंड लागूं द्यावयाचें नाहीं व त्यावर होडी घालावयाची नाहीं, असा तेथील निर्बंध. म्हणून मासेमार एका लांकडी फळीवर बसून हातांनींच पाणी मारीत जातात. अशा निर्बंधांमुळें मासे किती वांचले हें मोजतां येणार नाहीं. तथापि किती धरावें व कशानें धरावें यासंबंधीं लोकांनीं स्वतःवर घातलेल्या मर्यादेचा तो पुरावा आहे. कागदावरील हक्क मासेमारास मिळाला नाहीं. त्याचा हक्क या रूढींत होता.

६. इंग्रजी अमलाचें दप्तर पुनः सोन्याचेंच. इ. स. १८७४ मध्यें फोमेना येथें झालेल्या तहांत अशांतीच्या राजावर ५०,००० औंस सोन्याचा दंड बसविला गेला. इ. स. १८९७ मध्यें ओबुआसी येथील खाणीसाठीं अशांती गोल्डफील्ड्स कॉर्पोरेशन ही मंडळी लंडनमध्यें उभी राहिली. विसाव्या शतकांत डंक्वाजवळ ऑफिन नदीच्या पात्रांत गाळ उपसणारीं यांत्रिक जहाजेंही चाललीं; तेव्हां नदीचें पात्र उलथण्याची कल्पना अगदीं आजची नव्हे, हें ध्यानांत ठेवावें.

पाऱ्यासंबंधीं इ. स. १९३२ मध्यें निर्बंध घालण्यांत आला व देशी लोकांस सोन्याच्या कामांत पारा वापरणें बेकायदा ठरलें. नदीच्या रक्षणासाठीं हा कायदा झाला असें कोणास वाटेल. परंतु देशी धुणावळ बंद पडून मजूर युरोपीय खाणींकडे वळावे हा त्यामागील हेतु असल्याचें मत या विषयाच्या कांहीं अभ्यासकांनीं मांडिलें आहे. 

माशांच्या दप्तराकडे वळतां या सर्व काळांत एकच ग्रंथ ठळकपणें हातीं लागतो. एफ्. आर्. अर्व्हाइन याचा गोल्ड कोस्टचे मासे व मासेमारी यांवरील ग्रंथ इ. स. १९४७ मध्यें निघाला. त्यांत जातींचीं नांवें, चित्रें व धरण्याच्या रीति दिल्या आहेत. द मारेसपासून अर्व्हाइनपर्यंत साडेतीनशें वर्षें जातात! यानंतर इ. स. १९५३ मध्यें सरकारी मत्स्यखात्यानें तळ्यांत मासे पाळण्यास आरंभ केला. जलाशयांत सोडण्यासाठीं पिलें तयार करणें हा मूळ उद्देश होता. पुढें खाजगी तळींही झालीं. त्यांत मुख्यतः तिलापिया व मागूर जातीचे मासे वाढवितात. इ. स. १९६५ मध्यें व्होल्टा नदीवरील आकोसोंबोचें धरण पुरें झालें व त्याच्या विस्तीर्ण सरोवरांत, विसावें शतक संपल्यावर, पिंजऱ्यांतील मत्स्यपालन भरभराटीस आलें. देशांतील पाळीव माशांचा फार मोठा भाग आतां तेथून येतो. अशांती, पश्चिम व मध्य या प्रांतांतील तळीं लहान, एकेका कुटुंबाचीं. सोन्याच्या पट्ट्यांत सांपडलीं तीं हींच.

७. कागदोपत्रीं मोठा पालट इ. स. १९८९ मध्यें झाला. त्या एका सालांत घानाच्या सरकारनें लागोपाठ तीन कायदे केले. क्रमांक २१७ चा पाऱ्याविषयीं, क्रमांक २१८ चा लहान प्रमाणावरील सोन्याच्या खाणकामाविषयीं, आणि क्रमांक २१९ चा मौल्यवान खनिजें विकत घेणाऱ्या सरकारी संस्थेविषयीं. पहिल्यानें परवानेदार लहान खाणवाल्यास पारा विकत घेण्याची मोकळीक मिळाली, दुसऱ्यानें त्याचा धंदा कायदेशीर झाला, तिसऱ्यानें त्याच्या मालास गिऱ्हाईक मिळालें. चोरट्या मार्गानें देशाबाहेर जाणारें सोनें सरकारी वजनकांट्यावर यावें, हा यांतील उघड हेतु होता व तो पुष्कळ अंशीं साधलाही. इ. स. २०१० नंतरच्या दशकांत देशाच्या एकंदर सोन्यापैकीं सुमारें एक तृतीयांश सोनें लहान खाणवाल्यांकडून येऊं लागलें. बिनपरवाना खाणकामास तेथें ‘गॅलमसे’ म्हणतात. ‘गोळा करा आणि विका’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा हा अपभ्रंश.

इ. स. २००६ च्या खाण कायद्यानें लहान खाणकाम घानाच्या नागरिकांसाठींच राखून ठेविलें. परंतु सोन्याचा भाव इ. स. २००१ मध्यें औंसास ३०० डॉलरांच्या आंत होता तो इ. स. २०११ मध्यें १,८०० डॉलरांच्या वर गेला, आणि या ओढीनें चीनच्या ग्वांगशी प्रांतांतील शांगलिन तालुक्यांतून हजारों खाणवाले येथें आले. त्यांनीं माती उकरणारीं मोठीं यंत्रें, जोरकस पंप व नदीच्या तळची वाळू ओढून घेणारे तरंगते संच आणले. या संचांस तेथें ‘चांगफान’ म्हणतात. इ. स. २०१३ मध्यें सरकारनें मोहीम काढून ४,५०० हून अधिक चिनी नागरिकांस देशाबाहेर घालविलें. यंत्रें मात्र राहिलीं व तीं चालविण्याची विद्याही राहिली. इ. स. २०१७ च्या वसंतांत सर्वच लहान खाणकामावर बंदी घालण्यांत आली, ती इ. स. २०१८ च्या डिसेंबरांत उठविली. इ. स. २०१९ मध्यें बेकायदा खाणकामाची शिक्षा वाढवून किमान १५ वर्षांची कैद ठेविली. इ. स. २०२५ मध्यें सुवर्णमंडळ स्थापून लहान खाणवाल्यांचें सोनें विकत घेण्याचा अधिकार एकट्या त्याजकडे दिला. त्याच सालीं सोन्याचा भाव औंसास ४,००० डॉलरांवर चढला. सोन्याचें दप्तर असें अखंड चालू आहे.

८. या यंत्रांनीं पाण्याचें काय होतें, हें आतां थोडक्यांत सांगितलें पाहिजे. सोन्याचा एक कण मिळविण्यासाठीं मातीचा मोठा ढीग धुवावा लागतो व ती माती पाण्याबरोबर नदींत जाते. हाताच्या परातीनें दिवसभरांत जेवढी माती धुतली जाई, तेवढी यंत्र थोडक्या वेळांत धुतें. गढूळ पाण्यांत उजेड शिरत नाहीं. शेवाळ व बारीक वनस्पति मरतात. त्यांवर जगणारे किडे नाहींसे होतात. माशांच्या कल्ल्यांत गाळ भरतो. तळच्या दगडगोट्यांवर घातलेलीं अंडीं गाळाखालीं गुदमरतात. तिलापियाचा नर तळाची वाळू साफ करून घरटें करतो. रोज नवा गाळ बसणाऱ्या पात्रांत त्याचें घरटें टिकत नाहीं. मागूर मासा हवेंतूनही श्वास घेऊं शकतो, म्हणून तो अधिक काळ तग धरतो. परंतु खाद्यच नाहींसें झाल्यावर त्याचाही निभाव लागत नाहीं.

दुसरा उपद्रव पाऱ्याचा. मुलाम्याचें काम करणाऱ्या आपल्या सोनारांस ठाऊक आहे कीं, पारा सोन्याचे कण आपल्या पोटांत घेतो व तापविला असतां स्वतः उडून जाऊन सोनें मागें ठेवितो. उडालेला पारा पावसाबरोबर पुनः खालीं येतो. धुतांना सांडलेला थेट गाळांत जातो. गाळांतील सूक्ष्म जंतु त्याचें मिथिल पारा नांवाच्या विषांत रूपांतर करतात. तें किड्यांतून लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत व तेथून माणसांत सांठत जातें. जपानांत मिनामाता येथें याच विषानें झालेला रोग इ. स. १९५६ मध्यें उजेडांत आला. त्या गांवाचें नांव घेऊन इ. स. २०१३ मध्यें झालेला पाराविषयक आंतरराष्ट्रीय करार इ. स. २०१७ मध्यें अमलांत आला व त्याच वर्षीं घानानें त्यास मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरणविभागाच्या हिशेबाप्रमाणें इ. स. २०१५ मध्यें मनुष्याच्या कृतीनें हवेंत गेलेल्या पाऱ्यापैकीं सुमारें ३८ टक्के लहान सोनेखाणींतून गेला.

मत्स्यतळ्यांवर हा मारा तीन बाजूंनीं येतो. तळ्यांत घ्यावयाचें पाणी ओढ्याचें, तें गढूळ व संशयित झालें म्हणजे पाणी बदलणें थांबतें आणि पाण्यांतील प्राणवायु कमी पडतो. खाणीचे खड्डे वरच्या अंगास असले तर पावसाळ्यांत त्यांचे बांध फुटून गाळाचा लोट तळ्यावर येतो. तिसरें, तळ्याखालची जमीनच सोन्यासाठीं मागितली जाते. तळ्याच्या अनेक वर्षांच्या उत्पन्नाहून अधिक रक्कम एकदम हातावर ठेवणारा भेटला म्हणजे गरजू कुटुंब ती घेतें, व पुनः तळें होण्याजोगी जमीन मागें उरत नाहीं.

सोडून दिलेल्या खाणखड्ड्यांत पाणी सांचतें, तेव्हां त्यांतच मासे पाळावे असा उपाय पुष्कळदां सुचविला जातो. त्याविषयीं सावध केलें पाहिजे. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाच्या माद्रे द दिओस प्रांतांत असेच सोन्याचे खड्डे पसरले आहेत. इ. स. २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या तेथील संशोधनांत असें आढळलें कीं, इ. स. १९८५ पासून अशा पाणथळ खड्ड्यांचें क्षेत्र ६७० टक्क्यांनीं वाढलें, आणि पाऱ्याचें विषारी रूपांतर वाहत्या नदीपेक्षां या सांचलेल्या पाण्यांत पांच ते सात पटींनीं अधिक होतें. खड्डा आयता मिळाला म्हणून तें मत्स्यतळें होत नाहीं. गाळाची परीक्षा आधीं झाली पाहिजे.

९. आतां पुराव्याकडे येऊं. मासेमारानें ‘पूर्वीं मासे मिळत, आतां मिळत नाहींत’ असें सांगितलें, तर ‘किती मिळत?’ या प्रश्नास तो आंकडा देऊं शकत नाहीं. इ. स. २००६ च्या कायद्यांतील भरपाईचें कलम जमिनीचा उपयोग, इमारती व उभीं पिकें यांच्या भाषेंत बोलतें. वाहत्या पाण्यावर जाळें टाकणारास तेथें सहज जागा सांपडत नाहीं. त्याचा सातबारा नाहीं, वहिवाटीचा कागद नाहीं, विक्रीची वही नाहीं.

अशा वेळीं संशोधकानें आडवाटेचा पुरावा शोधावा लागतो, व तो आहे. पहिला पाणीपुरवठ्याच्या कचेऱ्यांचा. प्रा नदीवर सेक्येरे हेमांग येथें जलशुद्धीकरणाचें केंद्र आहे. तेथील यंत्रें ज्या गढूळपणाच्या मर्यादेसाठीं बांधलीं ती २,००० एककांची, इ. स. २०२४ च्या ऑगस्टांत सरकारी पाणीपुरवठा कंपनीनें जाहीर केलें कीं पाण्याचा गढूळपणा सरासरी १४,००० एकक भरतो व पाणी घेण्याच्या जागेचा सुमारें ६० टक्के भाग गाळानें भरला आहे. हें केंद्र केप कोस्ट व एल्मिना या शहरांस पाणी देतें. ज्या किल्ल्यास खाणीचें नांव पडलें त्याच्या गांवचें पिण्याचें पाणी साडेपांचशें वर्षांनीं सोन्याच्याच गाळानें अडावें, यावर अधिक भाष्य नको. हे आंकडे नळाच्या पाण्यासाठीं घेतले गेले; परंतु त्याच पाण्यांत मासे राहतात, म्हणून ते माशांच्या इतिहासाचेही कागद होत.

दुसरा पुरावा आकाशांतून घेतलेल्या चित्रांचा. इ. स. १९७२ पासून कृत्रिम उपग्रह पृथ्वीचीं छायाचित्रें नियमानें घेत आहेत व तीं जपून ठेविलीं आहेत. त्यांवरून दक्षिण घानांत इ. स. २००५ ते २०१९ या काळांत सुमारें ४७,००० हेक्टर झाडझाडोरा खाणकामाखालीं गेल्याचें अभ्यासकांनीं मोजिलें. इ. स. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनांत उष्ण कटिबंधांतील १७३ नद्या तपासल्या. त्यांपैकीं बहुतेकींत खाणकाम सुरूं झाल्यावर गाळाचें प्रमाण दुपटीहून वाढलेलें दिसलें. ज्या नदीकांठीं कारकून कधीं गेला नाहीं त्या नदीच्या रंगाची नोंद या चित्रांत सांपडते. शमाच्या मासेमारानें ‘नदीचें पाणी लाल होऊन समुद्रांत पसरतें’ असें सांगितलें, तर तें खरें कीं खोटें हें आतां सालवार पाहतां येतें.

१०. या प्रकरणीं दुसरी बाजूही नमूद करणें न्याय्य होईल. लहान खाणकामावर लक्षावधि लोकांचें पोट आहे. त्यांत मासेमारांच्या व शेतकऱ्यांच्या घरचे तरुणही आहेत. परवाना घेऊन, नदीपासून अंतर राखून, वापरलेलें पाणी खड्ड्यांत निवळवून काम करणारा व पात्रांतच संच तरंगत ठेवणारा या दोघांस एका मापानें मोजणें अन्याय होईल. समुद्रकिनाऱ्यावरील मासे कमी होण्यास मोठ्या जहाजांची बेसुमार मासेमारी हें निराळें व प्रबळ कारण आहे. तो दोष सोन्याच्या माथीं मारूं नये. नदीच्या गोड्या पाण्यांतील हानि व तळ्यांची हानि यांचा संबंध मात्र गाळाशीं सरळ आहे. पाऱ्याचा परिणाम हळू व अदृश्य, गाळाचा तत्काळ व डोळ्यांस दिसणारा. म्हणून दोहोंचा पुरावा वेगवेगळा मांडावा. सर्वच दोष पाऱ्यावर ठेवला, तर एखाद्या माशांत पारा मर्यादेच्या आंत निघाला कीं विरुद्ध पक्ष सर्व तक्रारच खोटी ठरवितो.

११. येथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष असा. इ. स. १४७१ पासून या नदीचें सोनें गुंजेनें, पितळी वजनानें, औंसानें व आतां किलोग्रॅमानें तोललें गेलें आणि प्रत्येक तोलाची नोंद झाली. मासा मात्र टोपलीनें मोजला गेला, व टोपली रिकामी झाल्यावर नोंदही संपली. इ. स. १९८९ च्या तीन कायद्यांच्या जोडीस नदींतील मासे व पाण्याचा गढूळपणा दरसाल लिहून ठेवण्याचा चौथा साधा नियम झाला असता, तर आज मासेमाराच्या हातांत कागद असता.

संग्राहकांस यांतून कर्तव्य प्राप्त होतें. सोन्याचीं वजनें, नाणीं, सनदा व तहनामे यांस गिऱ्हाईक आहे, म्हणून तीं टिकतील. बाजारांत मासे विकणाऱ्या बायकांच्या उधारीच्या वह्या, तळें खणतांना घेतलेल्या कर्जाचे कागद, पिलें विकत घेतल्याच्या पावत्या, जाळ्यांचीं मापें, गांवाच्या मुखियानें मासेमारीस घातलेल्या बंदीचे ठराव, जलकेंद्रांच्या रोजच्या नोंदी हीं साधनें जेथें असतील तेथें वाळवीच्या आधीं गांठलीं पाहिजेत. आपल्या देशांतील नद्यांच्या बाबतींतही हेंच लागू आहे. सोन्याच्या जागीं वाळू म्हटलें कीं पुरे. गोदेच्या किंवा भीमेच्या कांठच्या भोई कुटुंबाकडे एखादी जुनी वही निघाली, तर ती रद्दी समजून टाकूं नये. कोणत्या सालीं कोणता मासा किती उतरला हें तिच्यांत लिहिलेलें असेल, तर तें एखाद्या ताम्रपटाइतकेंच जपून ठेवण्याजोगें आहे.